३सी २७३ : दूरच्या क्वेसारचे गुणधर्म सोलापूरहून कसे काढावेत

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी केंद्रभाग, पण दुर्बिणीतून पाहिले तर तो एखाद्या मंद ताऱ्यासारखा दिसतो. त्याला आकार नसतो, तबकडी नसते, पृष्ठभागावरचा कोणताही तपशील नसतो. तरीही तो किती दूर आहे, दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर टाकतो, त्याच्या मध्यभागी बसलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान किती आहे आणि ते दरवर्षी किती वायू गिळते, हे सर्व बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि लॉगरिदमच्या बळावर काढता येते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आणि आकाशनिरीक्षणाची मनापासून आवड असलेल्या मंडळींना हे गणित स्वतः करता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. या गणितात प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावर उभा असतो. त्यामुळे वहीत प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या मोजमापावर आणि कोणत्या गृहीतकावर आधारलेले आहे, हे त्याच वेळी लिहून ठेवावे; नंतर लिहू म्हटले की ते राहून जाते, आणि मग चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच पक्का वाटू लागतो.

उदाहरणासाठी ३सी २७३ हाच क्वेसार घ्यावा. पृथ्वीवरून दिसणाऱ्या क्वेसारांमध्ये तो सर्वांत तेजस्वी आहे आणि ज्याचे खरे स्वरूप सर्वप्रथम कळले, तोही हाच. १९६२ च्या ऑगस्टमध्ये चंद्राने या रेडिओ स्रोताचे पिधान केले, म्हणजे आड येऊन त्याला झाकले, तेव्हा सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने त्याची जागा अचूक ठरवली. त्या जागी असलेल्या ताऱ्यासारख्या बिंदूचा वर्णपट मार्टेन श्मिट यांनी अमेरिकेतील पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने घेतला आणि १९६३ मध्ये त्या वर्णपटाचा उलगडा केला. पुढची बरीचशी आकडेमोड त्याच वर्णपटातील आकड्यांवर करायची आहे.

आकाशात जागा शोधणे

३सी २७३ कन्या राशीत आहे. त्याचा विषुवांश (आकाशातील रेखांश) १२ तास २९ मिनिटे आणि क्रांती (आकाशातील अक्षांश) उत्तर २ अंश आहे. कन्येतील ईटा ताऱ्यापासून साधारण साडेतीन अंश ईशान्येकडे सरकले की त्याची जागा येते. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश असल्याने हा क्वेसार मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तेव्हा दक्षिण क्षितिजापासून ७४ अंश उंचीवर असतो. श्मिट यांनी जेथून वर्णपट घेतला त्या पालोमारहून तो जेमतेम ५९ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे मोठी दुर्बीण नसली, तरी या एका बाबतीत सोलापूरची जागा अधिक चांगली आहे, आणि ही गोष्ट येथल्या निरीक्षकांनी मनावर घ्यावी असे मला वाटते. उन्हाळ्यात आपल्याकडे क्षितिजालगत धुळीचा थर असतो. पण ७४ अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश हवेच्या जवळजवळ सर्वांत कमी जाडीतून येतो, त्यामुळे धुळीचा त्रास पुष्कळ घटतो.

मार्चच्या अखेरीस हा क्वेसार मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने मध्यमंडलावर येतो, एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास, तर मेच्या मध्यास साडेनऊच्या आसपास. त्याची दृश्य प्रत, म्हणजे तेज दाखवणारा आकडा (जितका मोठा तितकी वस्तू मंद), सुमारे १२.९ आहे. आठ इंची दुर्बिणीतून काळोख्या जागेवरून तो डोळ्यांनी दिसू शकतो आणि आकाशाच्या गतीबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर लावलेल्या कॅमेऱ्यात तर सहज उतरतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी आणि शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर, अक्कलकोट, मंगळवेढा किंवा बार्शीच्या बाजूच्या एखाद्या शेतावर जागामालकाच्या परवानगीने दुर्बीण लावावी. नान्नजचे माळरान काळोखे असले, तरी तो माळढोक अभयारण्याचा भाग असल्याने तेथे रात्री दिवे घेऊन फिरणे योग्य नाही.

वर्णपट आणि ताम्रसृती

पहिले मोजमाप ताम्रसृतीचे, म्हणजे वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या आहेत याचे. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढे दर मिलिमीटरला १०० रेघा असलेली विवर्तन जाली बसवली, की बिंदूशेजारी त्याचा वर्णपट पट्टीसारखा उमटतो. अशी जाली आणि आठ इंची दुर्बीण एवढ्या साधनांवर ३सी २७३ ची ताम्रसृती हौशी निरीक्षकांनी यशस्वीपणे मोजलेली आहे. मात्र पट्टीवरचा कोणता बिंदू म्हणजे कोणती तरंगलांबी, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी त्याच रात्री, त्याच मांडणीत, उत्तरा फाल्गुनी नक्षत्राच्या उत्तरा या ताऱ्याचा वर्णपट घ्यावा. हा पांढरा तारा क्वेसारपासून फार दूर नाही आणि त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक असतात, त्या ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटरवर आहेत, असे धरून पट्टीला माप द्यावे. ही पायरी गाळून पुढे गेल्यास नंतरच्या एकाही आकड्याला अर्थ राहत नाही.

आता क्वेसारच्या वर्णपटातील रुंद, उजळ रेषा पाहाव्यात. श्मिट यांना त्या ५६३.२, ५०३.२ आणि ४७५.३ नॅनोमीटरवर आढळल्या होत्या. प्रत्येक संख्येला हायड्रोजनच्या मूळ तरंगलांबीने अनुक्रमे भागले, तर ५६३.२ भागिले ४८६.१, ५०३.२ भागिले ४३४.० आणि ४७५.३ भागिले ४१०.२ या तिन्हींचे उत्तर १.१५९ येते. त्यातून १ वजा केले की ताम्रसृती ०.१५९ मिळते, आधुनिक मोजमाप ०.१५८ आहे आणि पुढे तेच वापरू. एकाच रेषेवर विसंबू नये, कारण एक रेषा कोणत्याही मूलद्रव्याची असू शकते. तीन रेषांचे परस्परांतील प्रमाण हायड्रोजनच्या रेषांशी तंतोतंत जुळणे, हीच खरी खूण आहे.

येथे एक खाचखळगा लक्षात ठेवावा. हायड्रोजनची सर्वांत तेजस्वी अशी लाल रेषा, म्हणजे एच-आल्फा, मुळात ६५६.३ नॅनोमीटरवर असते आणि या क्वेसारमध्ये ती ७६० च्या आसपास सरकते. नेमक्या त्याच जागी पृथ्वीच्या हवेतील ऑक्सिजन प्रकाश शोषतो आणि वर्णपटात खोल काळी खाच पाडतो. त्यामुळे एच-आल्फाचे शिखर कुरतडल्यासारखे दिसते आणि त्याचा मध्य चुकीच्या जागी मोजला जातो. ताम्रसृतीसाठी मुळात ४८६.१ नॅनोमीटरवर असलेली एच-बीटा रेषाच घ्यावी.

अंतर

प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटरला, ०.१५८ ने गुणले की क्वेसारचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला ४७,४०० किलोमीटर येतो. हबलचा स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, प्रत्येक मेगापार्सेकमागे सेकंदाला ७० किलोमीटर धरून त्याने या वेगाला भागले, तर ६७७ मेगापार्सेक हे पहिले, ढोबळ अंतर मिळते (एक मेगापार्सेक म्हणजे दहा लाख पार्सेक आणि एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे). पण विश्वाचे प्रसरण सर्व काळ एकाच गतीने झालेले नाही, शिवाय ताम्रसृतीमुळे प्रकाशाची ऊर्जा आणि तो पोहोचण्याचा दर हे दोन्ही घटतात. तेजस्वितेच्या गणितासाठी या सर्वांचा हिशेब करणारे अंतर हवे असते. ताम्रसृती ०.३ पेक्षा कमी असेल, तर त्यासाठी सोपी युक्ती आहे : ताम्रसृतीला ०.७७५ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि आलेल्या संख्येने ढोबळ अंतराला गुणावे. येथे ६७७ गुणिले १.१२२ म्हणजे ७६० मेगापार्सेक, अर्थात जवळपास २५० कोटी प्रकाशवर्षे. ०.७७५ हा आकडा विश्वात ३० टक्के द्रव्य आणि ७० टक्के कृष्ण ऊर्जा आहे, या गृहीतकातून आलेला आहे. प्रकाशाचा प्रत्यक्ष प्रवास मात्र सुमारे २०० कोटी वर्षांचा आहे. या दोन आकड्यांची गल्लत वृत्तपत्रांतील बातम्यांत वारंवार होते, तशी आपल्या वहीत होऊ देऊ नये.

ताम्रसृतीवरून अंतर काढता येते, हेच मुळात एक गृहीतक आहे आणि त्यावर गंभीर वाद झालेला आहे. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज, हॉल्टन आर्प आणि आपले जयंत नारळीकर यांनी क्वेसारांची सारी ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळेच असते का, असा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. पुढे ३सी २७३ ज्या दीर्घिकेच्या केंद्रात आहे ती दीर्घिका दिसली आणि त्याच्या आसपास त्याच ताम्रसृतीच्या इतर दीर्घिकाही सापडल्या. त्यामुळे आज प्रसरणाचे स्पष्टीकरण जवळजवळ सर्वमान्य आहे. तरीही हा वाद विद्यार्थ्यांनी जरूर समजून घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या गणिताचा पाया कोठे आहे, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

तेजस्विता आणि एकूण शक्ती

निरपेक्ष प्रत म्हणजे ती वस्तू १० पार्सेकवर ठेवली असता दिसली असती ती प्रत. ७६० मेगापार्सेक हे अंतर १० पार्सेकच्या ७ कोटी ६० लाख पट आहे. या संख्येचा लॉगरिदम ७.८८ येतो आणि त्याची पाचपट ३९.४. दृश्य प्रत १२.९ मधून ती वजा केली की निरपेक्ष प्रत उणे २६.५ मिळते. या आकड्यापाशी थोडे थांबावे. पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याची प्रत उणे २६.७ आहे. म्हणजे हा क्वेसार साडेबत्तीस प्रकाशवर्षांवर असता, तर आपल्याला तो जवळपास सूर्याइतकाच तेजस्वी दिसला असता. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८ असल्याने दोहोंतील फरक ३१.३ होतो, त्याला ०.४ ने गुणून १० चा तेवढा घात घेतला, तर दृश्य प्रकाशात हा क्वेसार सूर्याच्या ३ लाख ३० हजार कोटी पट तेजस्वी ठरतो. आपली संपूर्ण आकाशगंगा याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

वॅटमध्ये रूपांतर करण्यासाठी, शून्य निरपेक्ष प्रतीची वस्तू हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या भागात साधारण २.४ गुणिले १० चा २८ वा घात इतके वॅट बाहेर टाकते, हे प्रमाण वापरावे. २६.५ प्रतींचा फरक म्हणजे सुमारे ४,००० कोटी पट. त्यामुळे उत्तर ९.५ गुणिले १० चा ३८ वा घात येते. पण क्वेसार अतिनील, क्ष-किरण आणि अवरक्त पट्ट्यांतही प्रचंड ऊर्जा टाकतो. अनेक क्वेसारांच्या अभ्यासातून दृश्य भागातील शक्तीच्या साधारण नऊपट एकूण शक्ती असते, असे ठरलेले आहे. त्यानुसार एकूण शक्ती ८.६ गुणिले १० चा ३९ वा घात इतके वॅट धरावी. हा नऊचा गुणक सरासरीचा आहे आणि एखाद्या विशिष्ट क्वेसारला तो दुपटीनेही चुकू शकतो, हे त्याच ओळीत नोंदवावे. हबलचा स्थिरांक ७० ऐवजी ६७ आणि ७३ धरून गणित पुन्हा करून पाहावे. दोन उत्तरांत सुमारे १९ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे गुणकाच्या अनिश्चिततेपुढे तो किरकोळच ठरतो.

ही ऊर्जा कोठून येते? कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत फिरत आत पडणारा वायू आपल्या वस्तुमानाच्या साधारण १० टक्क्यांइतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो, असे धरले जाते. एकूण शक्तीला प्रकाशवेगाच्या वर्गाने आणि ०.१ ने भागले, तर दर सेकंदाला ९.६ गुणिले १० चा २३ वा घात इतके किलोग्रॅम द्रव्य आत पडते, असे उत्तर मिळते. पृथ्वीएवढे वस्तुमान सहा सेकंदांत आणि पंधरा सूर्यांएवढे वस्तुमान वर्षभरात.

आकाराची मर्यादा

क्वेसारचे तेज बदलते. हार्वर्ड वेधशाळेत अनेक दशके साठवलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या जुन्या काचपट्ट्या तपासून हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफलाइट यांनी ३सी २७३ चे चढउतार १९६३ मध्येच दाखवून दिले. बदलाच्या वेगावरून आकाराची कमाल मर्यादा काढता येते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या लांब मिरवणुकीतील सर्वांनी एकाच क्षणी जयघोष केला, तरी एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाला तो लांबलेला ऐकू येतो, कारण दूरच्या टोकाचा आवाज उशिरा पोहोचतो. त्याचप्रमाणे मोठ्या स्रोतातील तेजाचा झपाट्याने झालेला बदल आपल्याला पसरलेला दिसतो. म्हणून तेज एका महिन्यात ठळकपणे बदलत असेल, तर स्रोत एका प्रकाशमहिन्याहून मोठा असू शकत नाही. हे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ५,२०० पट आहे. शंभर आकाशगंगांचे तेज एवढ्याशा जागेतून येत असल्यामुळेच कृष्णविवराला पर्याय उरत नाही. ही केवळ कमाल मर्यादा आहे, खरा आकार नव्हे.

कृष्णविवराचे वस्तुमान

सगळ्या गणितात हा भाग सर्वांत सुंदर आणि सर्वांत निसरडा आहे. कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या ढगांतून रुंद रेषा निघतात. काही ढग आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात, आणि म्हणून एच-बीटा रेषा दोन्ही बाजूंना पसरते. शिखराच्या निम्म्या उंचीवर तिची रुंदी मोजावी. ३सी २७३ साठी ती ६.२ नॅनोमीटरच्या आसपास येते, तिला ५६३.२ ने भागून प्रकाशवेगाने गुणले की सेकंदाला ३,३०० किलोमीटर हा वेग मिळतो.

घरच्या जालीने घेतलेल्या वर्णपटातून ही रुंदी मोजू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अशा जालीतून बिंदूसारखी बारीक रेषाही काही नॅनोमीटर रुंद उमटते आणि त्यात क्वेसारची खरी रुंदी हरवून जाते. आपल्या वर्णपटातून ताम्रसृती घ्यावी. रुंदीसाठी मात्र नासाच्या ‘नेड’ या दीर्घिकांच्या खुल्या माहितीसंग्रहातील व्यावसायिक वर्णपट उतरवून घ्यावा. त्यातही एच-बीटाच्या उजवीकडे ५७४ आणि ५८० नॅनोमीटरजवळ ऑक्सिजनच्या दोन रेषा असतात आणि लोखंडाच्या अनेक रेषांची मिळून एक उंचवट्यासारखी पार्श्वभूमी तयार झालेली असते. ती आधी वजा केली नाही, तर रुंदी फुगते. आणि वस्तुमानाच्या सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने रुंदीतील दहा टक्क्यांची चूक वस्तुमानात वीस टक्क्यांहून अधिक होते.

आता ढग केंद्रापासून किती दूर आहेत, हे हवे. त्यासाठी तबकडीचे तेज वाढल्यावर किती दिवसांनी रेषेचे तेज वाढते, ते मोजतात. हा विलंब म्हणजेच प्रकाशाला ढगांपर्यंत जाण्यास लागणारा वेळ. २०१८ मध्ये चिलीतील पारानाल येथील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाने याच क्वेसारच्या ढगांचा विस्तार थेट कोनात मोजला. तो कोन ४६ सूक्ष्म विकला, म्हणजे विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) दहा लाखाव्या भागाच्या ४६ पट आहे. कोनावरून लांबी काढताना मात्र ७६० मेगापार्सेक वापरायचे नसतात, त्यांना १.१५८ च्या वर्गाने भागून येणारे ५६७ मेगापार्सेक वापरावेत. त्यातून त्रिज्या सुमारे ०.१२ पार्सेक, म्हणजे साधारण १४५ प्रकाशदिवस येते.

वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणावे आणि गुरुत्व स्थिरांकाने भागावे. अंतर पार्सेकमध्ये, वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत घेतल्यास हा स्थिरांक ०.००४३ होतो. ३,३०० चा वर्ग गुणिले ०.१२ भागिले ०.००४३, म्हणजे सुमारे ३० कोटी सूर्य. ग्रॅव्हिटीच्या गटाने अधिक काटेकोर प्रतिकृती वापरून २६ कोटी हे वस्तुमान प्रसिद्ध केले, त्यामुळे आपले साधे गणित बरेच जवळ गेले. पण २००४ मध्ये विलंबाच्या पद्धतीनेच काढलेले वस्तुमान ८८ कोटी होते. वायूचे ढग कोणत्या प्रतलात फिरतात आणि ते प्रतल आपल्याकडे किती कललेले आहे, यावर सूत्रापुढचा गुणक अवलंबून असतो, आणि विलंबाच्या मोजमापातही त्या काळी मोठी अनिश्चितता होती. म्हणून वहीत ‘३० कोटी’ असे न लिहिता ‘३० कोटी, दोन-तीन पटींच्या आत’ असे लिहावे.

या सावधगिरीचे कारण पुढच्याच पायरीवर दिसते. आत पडणाऱ्या वायूला प्रकाशाचा दाब बाहेर ढकलतो आणि त्यातून प्रत्येक वस्तुमानासाठी शक्तीची एक मर्यादा येते, तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. एका सूर्याएवढ्या वस्तुमानाला ती १.२६ गुणिले १० चा ३१ वा घात इतके वॅट आहे. ३० कोटी सूर्य धरले, तर आपण काढलेली शक्ती या मर्यादेच्या सव्वादोन पट भरते; ८८ कोटी धरले, तर मर्यादेच्या आतच राहते. म्हणजे ‘हा क्वेसार मर्यादा ओलांडतो’ हे विधान केवळ आपल्या आकड्यांवरून करता येत नाही, मात्र तो मर्यादेच्या जवळपास आहे, हे दोन्ही बाजूंनी पक्के आहे.

क्वेसारमधून निघणारा झोत हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत दिसतो. तो केंद्रापासून सुमारे २२ विकलांपर्यंत पोहोचतो. ५६७ मेगापार्सेकवर एक विकला २.७५ किलोपार्सेक होते, त्यावरून त्याची आकाशावर दिसणारी लांबी जवळपास २ लाख प्रकाशवर्षे निघते. झोत आपल्या दिशेने कललेला असल्याने खरी लांबी याहून अधिक असणार.

याहून दूरचे क्वेसार

हीच पद्धत दूरच्या क्वेसारांना लावताना तीन बदल करावेत. अंतराची सोपी युक्ती सोडून द्यावी आणि पायथॉन या संगणकभाषेतील अ‍ॅस्ट्रोपाय किंवा खगोलशास्त्रज्ञ नेड राइट यांचा कॉस्मॉलॉजी कॅल्क्युलेटर वापरावा. रेषाही बदलाव्यात. ताम्रसृती अडीच असेल, तर एच-बीटा अवरक्तात निघून जाते आणि मूळची अतिनील अशी १२१.६ नॅनोमीटरची लायमन-आल्फा रेषा ४२६ नॅनोमीटरवर, म्हणजे दृश्य प्रकाशात येते. वस्तुमानासाठी मॅग्नेशियमची २७९.८ नॅनोमीटरची रेषा अधिक भरवशाची आहे, कार्बनची १५४.९ ची रेषा बाहेर वाहणाऱ्या वायूमुळे अनेकदा विकृत झालेली असते, त्यामुळे दुसरा पर्याय नसेल तरच ती घ्यावी.

सरावासाठी जे१३४२+०९२८ हा क्वेसार घ्यावा. त्याची ताम्रसृती ७.५४ आहे, त्याच्या मॅग्नेशियमच्या रेषेवरून वस्तुमान सुमारे ८० कोटी सूर्य येते आणि त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय ६९ कोटी वर्षे होते. एडिंग्टन मर्यादेवर अखंड वाढणारे कृष्णविवर १० टक्के कार्यक्षमता धरल्यास दर ५ कोटी वर्षांना २.७२ पट होते. सुरुवात १०० सूर्यांच्या विवरापासून झाली असे धरले, तर ८० कोटी भागिले १०० या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम १५.९ येतो आणि लागणारा काळ सुमारे ८० कोटी वर्षे, म्हणजे तेव्हाच्या विश्वाच्या वयापेक्षा अधिक. सुरुवात १० हजार सूर्यांपासून धरली, तर तोच काळ सुमारे ५६ कोटी वर्षांवर येतो आणि उपलब्ध वेळेत बसतो. सुरुवातीचे वस्तुमान, कार्यक्षमता आणि वाढीचा दर हे तिन्ही आकडे आळीपाळीने बदलून हे गणित पुन्हा करावे आणि कोणते संयोग ६९ कोटी वर्षांत बसतात, त्यांचा तक्ता करावा. पहिली कृष्णविवरे कशी जन्मली, या आजही न सुटलेल्या प्रश्नाच्या संशोधनात हाच तक्ता अधिक बारकाईने तपासला जात आहे.